शेजाऱ्याची सही

गोळीबार चौकात माझं शिलाईचं दुकान.
चौकाला हे नाव कशावरून, विचारलं
तर दर ओट्यावर निराळी गोष्ट.
मी कधी खोलात गेले नाही,
बिलावर नुसता पत्ता लिहीत राहिले.

चार वर्षांमागे ठाण्यातून हवालदार आला.
समोरच्या ठेकेदाराने बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केलेला,
शेजाऱ्यांचा जबाब पाहिजे.
"माणूस कसा आहे, बाई?"
मशीनवर जरीकाठाचा ब्लाऊज होता,
संध्याकाळी त्या पोरीची हळद.
"चांगला आहे," मी म्हटलं, "दिवाळीले सोनपापडी पाठवते."

रात्री भिंतीपलीकडे भांडी पडायची.
त्याची बायको भर मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत,
लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवायला टाकायची.
हे त्याने विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.
चहा झाला, सही झाली.

ब्लाऊजचं माप मी तीनदा घेते,
तरी शिलाईत आत इंचभर कापड ठेवते,
चुकलंच तर उसवता यावं म्हणून.

मग त्याच्या पुतण्याची वरात.
सुकेशिनी वाहाणे, बी.ए. दुसरं वर्ष,
दोनशे सत्तर रुपयांवर डोक्यावर दिवा घेऊन चालत होती.
पुढची बाई, मागची बाई,
सगळ्या एकाच वायरने जनरेटरच्या ठेल्याला जोडलेल्या.
ठेकेदाराने आभाळाकडे हात केला.
पहिल्या बाराला पोट्टे नाचले.
दुसऱ्या बाराला कुणाचा तरी खांदा लागला त्याला.
ती खाली बसली,
दम खायला बसावं तशी.
बाकीचे दिवे चालूच होते.
बँडला कळेपर्यंत अर्धं गाणं वाजून गेलं.

पावसाळा संपता संपता तिची आई दुकानात आली,
पंचशील नगरहून, पायी.
माहितीच्या अधिकारात मागवलेला कागद
तिने माझ्या कात्रीशेजारी ठेवला.
*अर्जदार शांत स्वभावाचे.*
*शेजारी: पुष्पलता निखारे.*
"हे सही तुमचीच ना?"
मला वाटलं, आता ओरडेल. मला ते हवंही होतं.
तिने पिशवीतून कोरं रजिस्टर काढलं.
"मग आता आणखी एक करा."

तेव्हापासून रविवारी दुकान बंद.
इंदोरा, पाचपावली, तांडापेठ,
आम्ही दोघी आणि ते रजिस्टर.
पानठेलेवाला हसतो:
"परवान्याचं काय घेऊन बसल्या मावशी,
कट्टा तर उधारीवर भेटते."
कुठे ती कट्ट्याचंही लिहून घेते.
कुठे दार उघडतच नाही, फक्त आतली टीव्ही बारीक होते.
एका वकिलाने समजावलं,
नियम सगळे आहेत, बाई, कडक आहेत.
ती म्हणाली, "हो. विचारणाराच घाईत असते."

आमची मागणी एका पानात मावते.
घरच्या बाईला विचारा, तो नसताना.
जुन्या घरमालकाला विचारा. कामावरच्या पोराला विचारा.
उत्तर देणाऱ्याचं नाव बाहेर फुटू देऊ नका.
आणि दर वर्षी पुन्हा या,
माणूस अंगाने बदलतो, हे मी मापाच्या वहीवरून सांगते.

अकराशे चाळीस सह्या आयुक्तालयात दिल्या.
बाबूने आवकचा शिक्का मारला
आणि जेवायला गेला.

ठेकेदार जामिनावर आहे.
त्याची बायको परवा आली, सही करायला नाही,
कापड घेऊन.
"बाही?" मी विचारलं.
ती बराच वेळ टेपकडे बघत राहिली.
"लांबच ठेवा," म्हणाली. "सध्या."

काल नवा हवालदार आला, पोरगेलासा,
काखेत फाइल, गल्लीतल्याच दुसऱ्या कुणाचा अर्ज.
"माणूस कसा आहे, मावशी?"
मशीनवर ब्लाऊज होता, गिऱ्हाईक उभं होतं.
मी पायडलवरून पाय काढला.
चहा सांगितला नाही.
"बस बाप्पा," म्हटलं,
"वेळ लागन."